प्रार्थना-वही : वर्षभराच्या वापरानंतर

वस्तू साधी आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, तळहाताहून थोडी मोठी, ३६५ दिवसांची प्रार्थना-वही. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, एक वचन, त्याखाली स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती आणि विनंती असे चार भाग, आणि तळाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, जिच्यावर ‘उत्तर’ हा शब्द आणि तारखेसाठी मोकळी जागा छापलेली आहे. दर सात दिवसांनंतर मननाचे एक पान येते आणि महिन्याच्या अखेरीस ‘या महिन्याचे आशीर्वाद’ अशा मथळ्याचे आणखी एक. अशा वह्या आता बरेच प्रकाशक काढतात आणि त्यांची मांडणीही थोड्याफार फरकाने हीच असते. मला जे म्हणायचे आहे ते एकाच प्रकाशकाला लागू होणारे नसल्यामुळे या वहीचे नाव मी लिहिलेले नाही.

वहीच्या पाठीमागे ती ‘कठीण दिवसांतल्या विश्वासासाठी’ आहे असे छापले आहे. म्हणजे प्रकाशकाने कसोटी स्वतःच ठरवून दिली आहे, आणि तिच्या कागदाविषयी किंवा मुखपृष्ठाविषयी बोलण्याआधी त्या कसोटीवर ती उतरते का, हे पाहणे योग्य ठरेल. एक वर्ष आणि वर काही आठवडे ती रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, ही वही संकटासाठी चांगली आहे, पण संकट संपत नाही तेव्हा काय करावे हे तिच्या आखणाऱ्याला फारसे सुचलेले नाही.

ती माझ्या हाती आली तेव्हा आईला अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने झाले होते. पहिले आठवडे कसेबसे निघून जातात, कारण माणसे भेटायला येतात, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव घेऊन प्रार्थना होते, पाळक घरी येऊन वचन वाचतात आणि आपल्यालाही अंगात कुठून तरी बळ आल्यासारखे वाटते. पाचव्या महिन्यात यांतले फारसे काही उरत नाही. उरते ते दर दोन-तीन तासांनी तिची कूस बदलणे, औषधांच्या वेळा, न संपणारे धुणे, कामावरून लवकर निघाल्याबद्दल ऐकून घ्यावे लागणारे दोन शब्द, थकलेले हप्ते, आणि रात्री तीन वाजता उठल्यावर मनात दाटून येणारी, कोणाला सांगता न येणारी चीड. झटक्याच्या रात्री माझा विश्वास डळमळला नव्हता. तो झिजू लागला तो या सुमारास, आणि तो झिजतो आहे हे माझे मलाही पुष्कळ दिवस कळले नाही.

नव्या करारात ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण ‘धीर’ किंवा ‘सहनशीलता’ असे करतो तो शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनेइन’ म्हणजे राहणे, तेव्हा त्या शब्दात ओझ्याखाली टिकून राहण्याचे चित्र आहे. ते ओझे केव्हा उतरेल याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. आपण मराठीत ‘जरा धीर धर’ असे म्हणतो तेव्हा मात्र त्यात ‘थोडे थांब, सगळे ठीक होईल’ असा दिलासा नकळत मिसळलेला असतो. वहीच्या पहिल्याच पानावर रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले वचन आहे, ज्यात प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते अशी साखळी मांडतो. ही निवड मला मनापासून आवडली. पण त्याच आठवड्याच्या मननात लेखकाने संकटाला एक वाक्य दिले आहे, धीराला अर्धे, शीलाचा उल्लेखच गाळला आहे आणि उरलेले सगळे पान आशेला वाहिले आहे. पौलाने आशा साखळीच्या शेवटी का ठेवली असेल, असा प्रश्न कोणालाही पडावा; मननकाराला तो पडलेला दिसत नाही. पुढे वर्षभर या वहीची जी अडचण मला जाणवत राहिली तिचे बीज या पहिल्या मननातच आहे.

तरीही चार भागांच्या मांडणीने मला जे दिले ते मोकळेपणाने सांगायला हवे. थकलेल्या माणसाला प्रार्थना सुरू कुठून करावी हेच कळत नाही, आणि समोर आखलेले पान असले की निदान त्या कष्टातून सुटका होते. ‘स्तुती’ या भागात मी पहिले काही दिवस पाठ असलेले शब्द उतरवत होतो. नंतर तो भाग चक्क रिकामा सोडू लागलो आणि त्याचे मला वाईट वाटेनासे झाले. ‘उपकारस्तुती’ने मात्र खरोखर काम केले. त्या रकान्यात रोज एक तरी ओळ लिहायची म्हणून दिवसभरात मी काहीतरी शोधू लागलो. आज तिने पूर्ण वाटी संपवली, आज जखम कोरडी दिसली, आज शेजारून न सांगता कोणी येऊन तासभर बसले, अशा त्या नोंदी. संकटातही उपकार माना असे सांगणे सोपे असते. लिहिण्यासाठी दोन ओळींची जागा करून ठेवणे हा त्या उपदेशाहून कितीतरी उपयोगी मार्ग आहे, आणि त्याचे श्रेय वहीला दिलेच पाहिजे.

सर्वांत अनपेक्षित लाभ झाला तो ‘पापकबुली’चा. सेवा करणाऱ्या माणसाचे कौतुक सगळेच करतात, त्यामुळे त्याला आपला राग कबूल करायला जागाच राहत नाही. आईची कूस बदलताना एका रात्री माझा हात गरजेपेक्षा जोरात लागला. ती काही बोलू शकली नाही, तिने फक्त माझ्याकडे पाहिले. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. त्या दिवसाच्या पानावर ती लिहिली आणि त्यानंतर रात्री उठल्यावर हात धुताना क्षणभर थांबायची सवय लागली. वहीत हा भाग नसता तर मी ते मनातल्या मनात ‘थकवा’ या नावाखाली माफ करून टाकले असते.

आता ती चौकट.

‘उत्तर’ असे छापलेली ती जागा पहिल्या दिवशी मला आवडली होती, कारण तिच्यात एक प्रकारचे धाडस होते. देव ऐकतो असे मानणाऱ्याने उत्तराची तारीख लिहायला जागा ठेवावी, यात गैर काय? पण तीन आठवड्यांनी मागची पाने चाळली तेव्हा एकवीस विनंत्या जवळजवळ एकाच शब्दांत लिहिलेल्या होत्या आणि एकवीस चौकटी कोऱ्या होत्या. ते पान प्रार्थनेचे न दिसता थकबाकीच्या खतावणीसारखे दिसू लागले. दोन महिन्यांनी मी विनंती लहान करू लागलो, म्हणजे उत्तर येण्याची शक्यता वाढेल. ‘आईला चालता येऊ दे’ याऐवजी ‘आज रात्री तिला झोप लागू दे’. सकाळी चौकटीत तारीख लिहिता यायची. काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की, मी देवाशी बोलत नसून चौकट भरण्याची सोय करत आहे. लहान गोष्टींसाठी प्रार्थना करण्यात कमीपणा नाही, पण मी ती कशासाठी करत होतो हे मला ठाऊक होते.

प्रार्थना आणि तिचे उत्तर दोन्ही लिहून ठेवण्याची ही पद्धत आजची नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणारे जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) अशा नोंदी कसोशीने ठेवत, आणि दहा हजारांहून अधिक मुलांचा सांभाळ करताना मिळालेल्या उत्तरांच्या त्यांच्या नोंदी आजही अनेकांना धीर देतात. या वहीच्या प्रस्तावनेत म्युलर यांचे नाव आदराने घेतले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांनीच सांगितलेली दुसरी हकिकत प्रस्तावनेत नाही. १८४४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाच जणांनी ख्रिस्ताकडे वळावे म्हणून रोज प्रार्थना सुरू केली. पहिल्यासाठी दीड वर्ष लागले, दुसऱ्यासाठी त्यानंतर पाच वर्षे आणि तिसऱ्यासाठी आणखी सहा वर्षे. छत्तीस वर्षे उलटल्यावरही उरलेल्या दोघांसाठी त्यांची प्रार्थना चालूच होती. त्या दोन नावांपुढची जागा इतकी वर्षे कोरी राहिली आणि तरी नोंद करणाऱ्याने वही मिटली नाही, हे मला उत्तर मिळालेल्या हजारो नोंदींपेक्षा मोठे वाटते. कठीण दिवसांसाठी वही काढणाऱ्याने खरे तर हीच हकिकत पहिल्या पानावर छापायला हवी होती.

पुन्हा पुन्हा तीच विनंती लिहिण्याची लाज ही वही नकळत निर्माण करते, आणि ती लाज शास्त्राला धरून नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने पुन्हा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे मार्काने स्पष्ट लिहिले आहे. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढला जावा म्हणून तीन वेळा विनंती केली. त्याला जे उत्तर मिळाले ते असे की काटा राहील आणि कृपा पुरेल. हे उत्तर या चौकटीत कसे लिहायचे? तारीख घालायची म्हटली तर ती कोणत्या दिवसाची? कृपा पुरते आहे हे एका दिवशी कळत नाही. ती आदल्या दिवशी पुरली होती एवढेच दुसऱ्या दिवशी कळते. वहीच्या आखणाऱ्याने ‘उत्तर’ या एका शब्दाऐवजी ‘अजून मागत आहे’ असा एखादा पर्याय शेजारी छापला असता, किंवा ती चौकट नुसती बिनमथळ्याची ठेवली असती, तरी माझी निम्मी तक्रार मिटली असती.

वचनांच्या निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण वहीचा आत्मा तोच आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन, ज्यात परमेश्वर आपल्या लोकांविषयीचे आपले संकल्प हिताचे असून ते भविष्य आणि आशा देणारे आहेत असे सांगतो, ते वर्षभरात दोनदा येते. आधीचे दहावे वचन एकदाही येत नाही. त्या दहाव्या वचनात सत्तर वर्षे असा शब्द आहे. ज्यांना ते पत्र पाठवले गेले ते बंदिवान बाबेलात होते, आणि ते पत्र वाचणाऱ्या बहुतेक प्रौढ माणसांना परतीचा दिवस स्वतः पाहता येणार नव्हता. म्हणूनच त्याच पत्रात त्यांना तिथेच घरे बांधून राहा, बागा लावा असे सांगितले आहे. अकरावे वचन एकटेच सोनेरी चौकटीत छापले की ते पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या चांगल्या बातमीचे आश्वासन वाटते. दहाव्यासह वाचले की ते अतिशय लांबच्या वाटेवरच्या माणसासाठी आहे हे कळते. मला दुसऱ्याच वाचनाची गरज होती. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या तेराव्या वचनाचेही असेच झाले आहे. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करण्यास समर्थ आहे, हे वचन वहीत परीक्षा, नवे काम आणि यश यांवरच्या मननाच्या वर दिलेले आहे. बेड्यांत असलेल्या पौलाने ते लिहिले ते उपासमार आणि विपुलता या दोन्हींत तृप्त राहायला शिकल्याचे सांगितल्यानंतर लगेच. ‘सर्व काही’मध्ये भूक सोसणेही आहे.

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातले, परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते हे वचन अर्थातच आहे, आणि ते नसते तर नवल वाटले असते. पण त्या अध्यायातल्या पहिल्या वीस वचनांमधले एकही या वहीत सापडत नाही, जिथे बोलणारा माणूस आपल्याला अंधारात चालवले गेले, आपली वाट दगडांनी अडवली गेली आणि आपण ओरडलो तरी आपली प्रार्थना बाहेर ठेवली गेली असे सांगतो. विलापगीत हे पुस्तक संपतेही अनुत्तरित शंकेवर. स्तोत्रांच्या बाबतीत हा पक्षपात अधिक उघड दिसतो. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत, असे अभ्यासक मानतात. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखाने संपते, शेवटी एकही आशेची ओळ न देता. ज्यांनी स्तोत्रसंहिता एकत्र केली त्यांनी ते वगळले नाही. या वहीने वगळले आहे. वर्षभराची वचने मी एका रविवारी बसून तपासली. स्तोत्रांतली वचने सर्वांत जास्त आहेत आणि त्यांतले तक्रारीचे एकही नाही.

हा केवळ आवडीनिवडीचा मुद्दा नाही. रात्री तीन वाजता ज्याला देवाला ‘कोठवर?’ असे विचारायचे आहे, त्याच्या हातातल्या वहीत त्या प्रश्नाला जागा नसेल तर तो प्रश्न अविश्वासाचा आहे असे त्याला वाटू लागते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसून जे चांगले काम केले, ते तोंड उघडल्यावर पुढच्या अनेक अध्यायांत घालवले. शेवटी देवाने ठपका ठेवला तो देवाची बाजू सावरणाऱ्या त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. आणि याकोबाच्या पत्रात धीराचे उदाहरण म्हणून नाव येते ते याच तक्रारखोर ईयोबाचे. मी त्याला तक्रारखोर म्हटले ते प्रेमाने. त्याची भाषणे वाचलेला कोणीही हा शब्द मान्य करील.

इतके लिहिल्यावर वही वाईट आहे असा समज होईल, म्हणून तिच्यातल्या दोन आठवड्यांविषयी सांगितले पाहिजे. वर्षाच्या साधारण मध्यावर हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरचा आठवडा येतो. संपूर्ण वहीतले हे सर्वोत्तम लेखन आहे, आणि ते इतरांहून वेगळ्या हाताने झाले असावे असा माझा कयास आहे. त्यात अंजिराला बहर नाही, वेलींना फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतांत अन्न नाही, मेंढवाड्यात कळप नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशी सहा अभावांची यादी सहा दिवसांवर पसरली आहे. एका दिवशी एकच अभाव, आणि त्या पानावर आपल्याजवळ नसलेली एक गोष्ट लिहायची. सातव्या दिवशी ‘तरीही’ हा एकच शब्द छापला आहे आणि बाकी सगळे पान कोरे. त्या कोऱ्या पानावर मी काय लिहिले ते इथे सांगण्याचे कारण नाही. पण आपल्या अभावांची यादी देवासमोर करणे हीसुद्धा प्रार्थना आहे, हे मला त्या आठवड्यात प्रथम उमगले, आणि तोवर ‘विनंती’खाली मी जे दडपून लिहीत होतो ते मोकळे झाले.

दुसरा आठवडा एलीयाचा. रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे, माझा जीव घे’ असे म्हणून झोपी गेलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खायला दिले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. देवाचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर. या आठवड्याच्या मननात लेखकाने सरळ सांगितले आहे की, या सात दिवसांत काहीही लिहू नका, त्या वेळात झोपा, आणि जेवण झाले की पानावर फक्त खूण करा. विकत घेतलेल्या वहीने ‘मला वापरू नका’ असे सांगावे, याचे मला हसू आले आणि कौतुकही वाटले. मी खरोखर सात दिवस खुणाच केल्या.

प्रत्येक पानाच्या कडेला ‘आज मला कसे वाटते’ असे विचारणारे पाच चेहऱ्यांचे एक चित्र आहे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. हे काढून टाकावे. देवाची जवळीक वाटणे आणि देवाशी एकनिष्ठ राहणे या दोन गोष्टी एकत्र चालतातच असे नाही. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की, जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना आतून कोरडेपणा आणि अंधारच जाणवत होता, आणि त्या काळातही त्यांची सेवा चालूच होती. त्यांनी रोज कोणत्या चेहऱ्यावर खूण केली असती?

आणखी एक उणीव मला बऱ्याच उशिरा दिसली. या वहीतली प्रत्येक ओळ एकवचनी आहे: माझी स्तुती, माझी कबुली, माझी विनंती. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मात्र पहिल्या शब्दापासून अनेकवचनी आहे. ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ असे म्हणून ती ‘आमची रोजची भाकर’ मागते, आणि मागते तीही आजच्यापुरती. प्राचीन मंडळीच्या ‘दिदाखे’ या लहानशा ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणण्यास सांगितले आहे. मी ती मुद्दाम म्हणू लागलो तो वेगळ्या कारणाने. झटक्यात आईची वाचा गेली. माझे नावही तिला घेता येत नाही. पण अशा काही रुग्णांना पाठ असलेली गाणी, आकडे किंवा प्रार्थना सलग म्हणता येतात, हे वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले होते. एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो, आणि ‘आमची रोजची भाकर’पाशी तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. शब्द पुरते स्पष्ट नव्हते. तेव्हापासून आम्ही ती रोज तीन वेळा म्हणतो. वहीत हे कुठे लिहावे ते मला कळेना. विनंती ती नव्हती आणि ‘उत्तर’ म्हणावे तर मी मागितले होते ते वेगळेच. शेवटी मी समासात, त्या पाच चेहऱ्यांवरून, आडवे लिहिले.

अनेकवचनाचा हा मुद्दा व्यवहाराचाही आहे. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात दुखू लागले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले, आणि त्याला बसायला धोंडा दिला. वर्षभर एकट्याने भरायच्या वहीत दुसऱ्या माणसाने लिहिण्यासाठी एखादे तरी पान हवे होते. मी महिनाअखेरचे ‘आशीर्वाद’ हे पान त्या कामी लावले. माझ्या बहिणीला किंवा मंडळीतल्या एखाद्या मित्राला ते पान देऊन त्यांना सुचेल ते लिहायला सांगितले. एका महिन्यात मित्राने प्रार्थनेऐवजी ‘शनिवारी रात्री मी येतो, तू झोप’ असे लिहिले आणि तो आला. त्या पानाचा मूळ उपयोग माझ्या फारसा कामाचा नव्हता, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

कोणी घ्यावी हे सांगायचे तर, ज्यांचे दुःख नवे आहे त्यांना ही वही भेट देऊ नये. पहिल्या आठवड्यात रिकाम्या चौकटी दिसणे क्रूर ठरते, आणि भेट देणारा माणूस ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसतो. त्यांच्याकडे नुसते जाऊन बसावे. ज्यांना प्रार्थनेची सवय आहे पण दीर्घ आजारपण, कर्ज, हरवलेले काम किंवा घरातला अबोला यांपैकी कशाने तरी ती तुटत चालली आहे, त्यांना ती उपयोगी पडेल. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. हबक्कूकाच्या आठवड्यापासून करावी, वर्ष संपले की मागे वळून पहिल्या पानावर यावे, आणि जवळ संपूर्ण पवित्र शास्त्र ठेवून प्रत्येक वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचावीत. ‘उत्तर’ या शब्दावर मी दुसऱ्या महिन्यानंतर पेन्सिलीने रेघ मारू लागलो. ज्यांना रेघ मारवत नाही त्यांनी चौकट तशीच सोडावी.

बांधणीविषयी थोडे. वही पूर्ण उघडी राहत नाही, त्यामुळे एका हाताने पान दाबून धरावे लागते, आणि ज्याचा दुसरा हात रुग्णाच्या हातात अडकलेला असतो त्याला ते जमत नाही. ओळींमधले अंतर कमी आहे. मंद दिव्यात लिहिलेले माझे अक्षर दोन-दोन ओळी व्यापून बसले आहे. खुणेची फीत दहाव्या महिन्यात तुटली, तिच्या जागी मी औषधाच्या खोक्याची पट्टी वापरली. कागद पातळ आहे. शाईचे पेन वापरल्यास मजकूर मागच्या पानावर उमटतो, तेव्हा पेन्सिल बरी.